जेवणाआधी उठणारे डॉक्टर

रिहे खोऱ्यातल्या निम्म्या मोबाईलांचं कुलूप अजूनही एकाच नंबरानं उघडतं. आधी एक शून्य, मग पाच आकडे. हा नंबर कुणाच्या गाडीचा नाही की जमिनीच्या गटाचा नाही. आमच्या डॉक्टरांचा तो मेडिकल कौन्सिलमधला नोंदणी क्रमांक. दवाखान्यात पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाला ते भिंतीवरच्या फ्रेमपाशी न्यायचे, काचेवर बोट ठेवायला लावायचे आणि नंबर मोठ्यानं वाचून घ्यायचे. ज्याला वाचता येत नाही त्याच्याकडून पाठ करून घ्यायचे. एखादा आकडा चुकला तर अंगात ताप कितीही असो, पुन्हा पहिल्यापासून.

"उद्या मी चुकीचं औषध दिलं तर तक्रार कुणाची करणार?" ते विचारायचे. "रिह्याच्या डाक्टरची? असे छप्पन डाक्टर असतात. नंबर सांगायचा. नंबर असला की माणूस सापडतो."

लोकांनी त्यांची तक्रार कधी केली नाही. पण पुढे घरोघरी मोबाईल आले आणि पासवर्ड ठेवायची वेळ आली, तेव्हा म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाठ असलेला आकडा तेवढा एकच होता.

मी त्यांच्याकडे गेले ती एमबीबीएस होऊन, इंटर्नशिप आणि सरकारी बाँडचं वर्ष संपवून. आमचं घर मारुंजीचं. वडलांनी भाताची खाचरं विकून खोल्या बांधल्या आणि त्यांत आयटीतली पोरं येऊन राहिली. खालचा एक गाळा त्यांनी माझ्या दवाखान्यासाठी राखून ठेवला होता, बोर्डसुद्धा रंगवून घेतला होता. मला मात्र एकटीनं बसायची भीती वाटत होती. हे कुणाला सांगायची सोय नव्हती, म्हणून "पुढच्या परीक्षेचा अभ्यास करता करता जरा अनुभव घेते" असं सांगून मी स्कूटी काढली आणि रिह्याला आले.

डॉक्टरांनी माझं नोंदणीचं प्रमाणपत्र हातात घेतलं आणि एक्स-रे बघावा तसं खिडकीच्या उजेडात धरलं. मग सरळ कौन्सिलच्या कार्यालयात फोन लावला. पलीकडून गाणं वाजत राहिलं. मी उभीच.

"बाकावर बसा," ते म्हणाले. "ओळख पटेपर्यंत सगळे बाकावर."

मी बाकावर बसले. शेजारी पायाला फडकं गुंडाळलेली एक बाई होती. तिनं मला न्याहाळलं आणि विचारलं, "तुला काय झालं गं?" मी म्हटलं, मी डॉक्टर आहे. ती म्हणाली, "आसू दे, आसू दे. हुईल बरं."

पाऊण तासानं फोन लागला, माझा नंबर खरा निघाला आणि मला आत बोलावणं आलं. "नोंदणी आहे तुमची," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे पेशंटला हात लावायची परवानगी आहे. पण हा फॅमिली डॉक्टरचा दवाखाना आहे. त्यातलं डॉक्टर कौन्सिल देतं. फॅमिली इथल्या लोकांकडून मिळवावी लागते. तोवर तुम्ही उमेदवार."

त्या दिवसापासून माझं नाव उमेदवार पडलं. पेशंटांसमोर, औषधं विकायला येणाऱ्यांसमोर, एकदा तर माझ्या वडलांसमोरसुद्धा. "तुमची उमेदवार बरी आहे," असं ते वडलांना म्हणाले. मी ग्रामपंचायतीला उभी राहतेय की काय, असं वडलांनी घरी येताच मला विचारलं.

दुसरी खोड कार्बनची. खाली कार्बन घातल्याशिवाय ते एक ओळ लिहीत नसत. पेशंटच्या चिठ्ठ्या तर सोडाच, "उद्या दूध नको" ही दाराला अडकवायची चिठ्ठीसुद्धा दोन प्रतींत व्हायची. एक गवळ्याला, एक फायलीत. कार्बन मिळेनासे झाले तेव्हा त्यांनी एका स्टेशनरीवाल्याकडचा उरलासुरला साठा उचलून आणला. "बोललेलं माणूस विसरतो आणि लिहिलेलं नाकारतो," असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी कायम निळी असायची.

नंबरावरून त्यांनी कुणालाच सोडलं नाही. गावात आरोग्य शिबिर होतं. उद्घाटनाला एक पुढारी आले. पत्रिकेत त्यांच्या नावाआधी "डॉ." छापलेलं. हारतुरे झाल्यावर आमचे डॉक्टर पुढे झाले आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "साहेब, नोंदणी क्रमांक?"

पुढारी हसले. "अहो, मानद आहे ती. विद्यापीठानं दिलीय."

"असं होय," डॉक्टर म्हणाले. "उमेदवार, साहेबांकडे मानद पेशंट पाठवा."

मंडपातली पोरं फिदीफिदी हसली. मी औषधांच्या खोक्याआड तोंड लपवलं. पुढच्या वर्षी शिबिर दुसऱ्या गावाला गेलं. डॉक्टरांना त्याचं काही वाटलं नाही, मला मात्र त्या पुढाऱ्याचा चेहरा आठवून अजूनही गुदगुल्या होतात.

अशा माणसाचीच नोंदणी बुडाली.

झालं ते असं. डॉक्टरची नोंदणी जन्मभर पुरत नाही. दर पाच वर्षांनी ती नवी करून घ्यावी लागते आणि त्यासाठी तीस गुण जमवावे लागतात. हे गुण पेपर लिहून मिळत नाहीत, खुर्चीत बसून मिळतात. रविवारी कुठल्यातरी हॉलमध्ये तज्ज्ञांची व्याख्यानं असतात. ती ऐकायची, शेवटी अभिप्रायाचा फॉर्म भरायचा आणि एकदोन गुणांचं प्रमाणपत्र घेऊन घरी जायचं. डॉक्टर लोक नाव नोंदवून पसार होतात हे आयोजकांना चांगलं ठाऊक. म्हणून फॉर्म आणि प्रमाणपत्र दोन्ही जेवणानंतर.

आमचे डॉक्टर दर रविवारी स्कूटरवरून बावधनच्या हॉलवर जायचे. पहिली रांग, मांडीवर हेल्मेट, हेल्मेटवर वही, वहीत कार्बन. वक्त्यांना त्यांचा धाक होता. मधुमेहावर बोलणाऱ्या एका तज्ज्ञानं रोज सकाळी चालायचा सल्ला दिला, तेव्हा हे उभे राहिले. "आमचा पेशंट मेंढरांमागं दिवसभर डोंगर चालतो. साखर तरी वाढलेलीच. त्याला काय सांगू? बस म्हणू?" तज्ज्ञानं पाणी मागवलं.

पण बारा वाजले की डॉक्टरांच्या मनगटावरचं घड्याळ वाजायचं आणि वाक्याच्या मध्यात वक्त्याला सोडून ते उठायचे. कारण दीड वाजता रिह्याला रविवारची ओपीडी. जेवण नाही, फॉर्म नाही, प्रमाणपत्र नाही. बावधनकडचे डॉक्टर त्यांना "जेवणाआधी उठणारे" म्हणूनच ओळखायचे.

पूर्वी असं नव्हतं. मागच्या खेपेला त्यांच्या पत्नी होत्या. त्या सोबत जायच्या, बाराला घड्याळ वाजलं की यांच्या मनगटावर हात ठेवून ते बंद करायच्या आणि जेवून, प्रमाणपत्र घेऊनच निघायच्या. रविवारी दवाखाना बंद असायचा. त्या गेल्या आणि डॉक्टरांनी रविवारची दुपारची ओपीडी सुरू केली. एवढंच एकदा बोलले होते, "रविवारी दुपारी घरात घड्याळाचाच आवाज येतो."

नोंदणीच्या नूतनीकरणाचा मेसेज आला तेव्हा ते निश्चिंत होते. "पाच वर्षांत एक रविवार चुकवला नाही मी," असं म्हणून त्यांनी मला कौन्सिलच्या वेबसाइटवरचं त्यांचं खातं उघडायला सांगितलं. मी उघडलं. तीसपैकी दोन गुण होते. ते दोनही कसे आले ते नंतर उमगलं. एका रविवारी कुणीतरी त्यांच्या स्कूटरला आडवी गाडी लावली होती, म्हणून ते अडकून पडले होते.

बावधनचे एक डॉक्टर त्यांचे वर्गमित्र. त्यांनी फोन केला. "अरे, यायचीसुद्धा गरज नाही तुला. प्रमाणपत्रं मी पाठवतो. तोवर दवाखाना चालू ठेव, कोण बघतंय?"

"जरा हळू सांग," डॉक्टर म्हणाले. "लिहून घेतोय." आणि खरंच घेत होते, खाली कार्बन घालून. वर्गमित्रानं फोन ठेवला.

होळीच्या आदल्या दिवशी मुदत संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तर डॉक्टर स्टुलावर चढून दवाखान्याच्या बोर्डाला जखमेची चिकटपट्टी लावत होते. नावाआधीच्या "डॉ." वर एक पट्टी. खाली मोठ्या अक्षरांत "फॅमिली डॉक्टर" होतं, त्यातल्या "डॉक्टर" वर दुसरी. उरलं नुसतं "फॅमिली". त्या महिन्यात फार्महाऊसला येणाऱ्या तीन गाड्या आमच्या दारात थांबल्या आणि आतून विचारणा झाली, "फॅमिली रूमला एसी आहे का?"

मी त्यांना विनवलं. म्हटलं, दंड भरा, अर्ज करा, कुणीच असं दवाखाना सोडून बसत नाही. त्यांनी फ्रेमकडे बोट दाखवलं. "अख्ख्या खोऱ्याकडून हा पाठ करून घेतला मी. आता कोणत्या तोंडानं नाडी बघू? खुर्चीत तुम्ही बसा."

"मग आता तरी उमेदवार म्हणू नका. आज नंबर फक्त माझ्याकडे आहे."

"तुमच्याकडे नंबर आहे, माझ्याकडे फॅमिली. दोघांचा मिळून एक डॉक्टर होतोय. चला, पेशंट खोळंबलेत."

आणि ते बाहेर जाऊन बाकावर बसले.

स्टेथोस्कोपला त्यांनी हात लावला नाही. औषधाचं नाव काढलं नाही. पण दाराच्या फटीतून त्यांचा आवाज यायचा, "मी पेशंटचा नातेवाईक म्हणून विचारतो." खोऱ्यातले सगळेच त्यांचे नातेवाईक. एका बाईचा रक्तदाब काही केल्या उतरत नव्हता, मी गोळी वाढवायला निघाले होते. बाकावरून आवाज आला, "नातेवाईक म्हणून विचारतो, हिच्या गोळ्या घरात आणखी कोण खातं?" सासू-सून मिळून एक पाकीट संपवत होत्या. सासूलाही तेच दुखणं म्हणून सून दिवसाआड स्वतःची गोळी तिला द्यायची. हे तिनं बाकावर शेजारणीला सांगितलं होतं. मला, खुर्चीतल्या डॉक्टरला, "घेते की रोज" एवढंच.

मग आबांचा दिवस आला. आबा वरच्या धनगरवाड्यावरचे. काटकुळे, खांद्यावर घोंगडी. म्हणाले, "म्याडम, हितं जळजळ व्हतिया," आणि पोटाच्या वर हात ठेवला. मी पोट तपासलं, मिरची किती खाता ते विचारलं आणि आम्लपित्ताची गोळी लिहिली. आबा उठले.

"आबा, मेंढरं कुठायत?" बाकावरून प्रश्न आला.

"धाकल्याच्या हवाली केली. निम्म्या वाटंतनं माघारी आलो. लई घाम फुटला, पावलंच उचलंना."

डॉक्टर दारात येऊन उभे राहिले. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. "नातेवाईक म्हणून विचारतो, उमेदवार. मेंढपाळ भर दिवसा कळप सोडून येतो, तो जळजळीसाठी येतो का?"

मी आबांना झोपवलं, हृदयाचा आलेख काढला. कागद बाहेर सरकायला लागला आणि पहिल्या वीतभरातच दिसलं की हा हार्ट ॲटॅक आहे. गोळ्या चघळायला दिल्या, गाडी बोलावली, हिंजवडीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. आबा वाचले. डॉक्टर मला एका शब्दानं बोलले नाहीत. "जेवून घ्या," म्हणाले. बोलले असते तर बरं झालं असतं.

कारण पुढच्या रविवारी त्यांचं घड्याळ अकरालाच वाजलं.

मला ते उशिरा कळलं. नोंदणी बुडाल्यापासून ते नेटानं हॉलवर जात होते आणि दातओठ खाऊन का होईना, जेवण होईपर्यंत बसत होते. आठ गुण झाले होते. पण आबांच्या दिवसानंतर अकरा वाजले की उठून रिह्याला यायचे आणि बाकावर बसायचे. रविवारचा दवाखाना आता सकाळपासून उघडा असायचा आणि तिथं मी एकटी होते ना. मी आणखी एखाद्या आबांना गोळी देऊन घरी पाठवीन, ही धास्ती त्यांना खुर्चीत टिकू देत नव्हती. गुण आठावर थांबले. म्हणजे त्यांची नोंदणी आता कौन्सिलनं नाही, मी अडवली होती. मला इतकी लाज वाटली की मारुंजीचा गाळा भाड्यानं देऊन टाका, असं मी वडलांना सांगितलं.

महिनाभरानं आबा हृदयात स्टेंट आणि हातात काठी घेऊन तपासणीला आले. डॉक्टर हॉलवरून यायचे होते. मी आबांना सगळं सांगून टाकलं. खरं तर रडले.

आबांनी काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाले, "म्हंजी पेशंट हितं बसत्यात, म्हनून डाक्टर तितनं उठतुया. व्हय ना?"

"हो."

"मग पेशंटच तिकडं न्यायाचं. त्यात काय लई मोठं."

पुढच्या रविवारी अकरा वाजता डॉक्टर हेल्मेट चढवत हॉलच्या पायऱ्या उतरले आणि जागीच थांबले. समोर झाडाखाली त्यांची अख्खी ओपीडी बसलेली. पिकअप भरून वीसेक माणसं. सासू आणि सून. पायाला फडकं गुंडाळलेली ती बाई. भाकरी सोडलेल्या, ठेचा मधोमध. हॉलचा वॉचमन गोंधळून प्रत्येकाला विचारत होता, "किसका शादी है?"

"तुम्ही इथं काय करताय?" डॉक्टर म्हणाले.

"डाक्टर हितं, म्हनून आमी हितं," आबा म्हणाले.

"दवाखान्यात कोण आहे?"

"कुत्रं सुदिक न्हाई. म्याडमबी हितंच हायेत. ती बगा, पिकअपात लपल्यात."

मी भोपळ्याच्या पोत्यामागून मान वर केली.

"तुमी आत जावा," आबांनी काठी हॉलकडे केली. "जेवा, कागद घ्या, मंग या. तवर हितनं कोन हालत न्हाई."

डॉक्टरांनी सगळ्यांकडे पाहिलं. मग आबांना विचारलं, "नातेवाईक म्हणून विचारतो. सकाळच्या गोळ्या घेतल्या का?"

"घेतल्या. जावा."

ते आत गेले. दुपारी आयोजकांना बाहेरच्या गर्दीची दया आली आणि त्यांनी उरलेला पुलाव पाठवला. त्याच्या पुढच्या रविवारी दोन पिकअप भरल्या.

गुण वाढत गेले. सोळा, वीस, चोवीस. रविवारी बावधनला जायचा खोऱ्याला नादच लागला. हॉलच्या वॉचमनचा गुडघा मी तपासू लागले. आणि मग भातकापणी आली. अठ्ठावीस गुण झाले होते, एकच रविवार बाकी होता, आणि त्या रविवारी सगळं रिहे शेतात. पिकअपमध्ये बसायला माणूस नाही. मी डॉक्टरांना म्हटलं, आज मी दवाखान्यात थांबते, तुम्ही जा. ते स्कूटरवर बसून बराच वेळ किक न मारता थांबले. मग म्हणाले, "काही वाटलं तर फोन करा. मी उठून येईन."

हेच मला नको होतं.

बाकावर आबा तेवढे होते, त्यांना शेतातलं काम बंद. साडेअकराला एक बाप सात वर्षांच्या मुलीला उचलून पळत आला. पेंढ्यात हात घातला आणि विंचू चावला. मुलगी घामानं भिजलेली, ओकत होती, हातपाय बर्फासारखे गार, नाडी पळत होती. मला एकदम सगळं पुस्तक आठवलं आणि त्याच क्षणी सगळं विसरल्यासारखं झालं.

"नातेवाईक म्हनून इचारतो," आबा दारातून म्हणाले. "डाक्टरला फोन लावू का?"

माझा हात मोबाईलवर गेला होता. एक फोन, आणि डॉक्टर स्कूटर काढणार. ते पोचेपर्यंत तास जाणार, मुलीला उपचार तर आताच हवेत, आणि त्यांची नोंदणी पुन्हा लांबणार. पण मी चुकले तर?

"नको," मी म्हटलं.

मी मुलीचं वजन केलं, मात्रा दोनदा मोजली, विंचवावरची प्राझोसिनची गोळी दिली. घोंगडी आबांनी काढून दिली. अँब्युलन्सला कळवलं, ती फाट्यावर फार्महाऊसवाल्यांच्या गाड्यांच्या रांगेत उभी होती. दर थोड्या वेळानं मी मुलीचा हात हातात घेत होते. आबांनी एकदा माझा हात धरून पाहिला. "पोरीचं गार हाय ते विंचवानं. तुमचं का गार हाय, म्याडम?"

दोनच्या सुमाराला मुलीचे तळहात कोमट लागले. अँब्युलन्स पोचली तेव्हा ती पाणी मागत होती. तरी मी तिला देखरेखीसाठी पुढे पाठवलं, सोबत घडलेलं सगळं लिहून दिलं. लिहिताना कागदाखाली कार्बन घातला होता, हे नंतर लक्षात आलं.

चार वाजता डॉक्टर आले. आबांनी त्यांना फाटकातच सगळं सांगितलं, जरा तिखटमीठ लावून. ते आत आले, माझी कार्बनची प्रत उचलली आणि उभ्यानं दोनदा वाचली.

"फोन का केला नाहीत?"

"तुम्ही उठला असतात."

त्यांनी खिशातून कागदी रुमालाची पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली. आत एक चेपलेला गुलाबजाम होता. "जेवण बरं असतं तिथलं," एवढं म्हणाले आणि बाकावर जाऊन बसले.

नवं प्रमाणपत्र आलं त्या दिवशी त्यांनी स्टूल घेतलं आणि बोर्डावरच्या पट्ट्या ओढल्या. आठ महिन्यांच्या ऊन-पावसानं त्या अशा घट्ट बसल्या होत्या की पट्टीबरोबर खालचा रंगही निघून आला. दोन्ही जागा कोऱ्या झाल्या. मी पेंटरला बोलवायला निघाले. "राहू द्या," ते म्हणाले. "आठ महिने कुणी विचारलं नाही, एसीवाले सोडून." खुर्चीतही ते परत बसले नाहीत. बाकावर जास्त कळतं म्हणाले. पुढची दोन वर्षं ते बाकावर आणि मी खुर्चीत, असा दवाखाना चालला. त्यांच्या गळ्यात स्टेथोस्कोप मात्र पुन्हा आला, आणि मी उमेदवारच राहिले.

आता ते मुलीकडे नाशिकला असतात. तिथल्या एका डॉक्टरीणबाईंनी मध्यंतरी त्यांच्या मुलीकडे तक्रार केली, की एक गृहस्थ कुठलंही दुखणं नसताना आमच्या बाकावर येऊन बसतात आणि पेशंटांचे नातेवाईक असल्याचं सांगतात.

जाताना त्यांनी कार्बनच्या फायली माझ्यासाठी ठेवल्या. परवा एक काढली. गवळ्याच्या चिठ्ठ्यांच्या खाली बावधनच्या हॉलमधल्या अभिप्रायाच्या फॉर्मच्या कार्बन प्रती होत्या, तारखेनुसार लावलेल्या. आजच्या कार्यक्रमातून आपण काय शिकलात, असा त्या फॉर्मवर छापील प्रश्न असतो. "मधुमेहाची नवी गोळी. वक्ता प्रामाणिक." "दम्याचा पंप कसा ओढावा. पुलावात मीठ कमी." असं एकेक वाचत, हसत मी भातकापणीच्या त्या रविवारपर्यंत आले.

तिथं व्याख्यानाबद्दल एक अक्षर नव्हतं. निळ्या, जरा पसरलेल्या अक्षरांत लिहिलं होतं: "बाराला फोन पाहिला, आला नव्हता. एकला पाहिला. दोनला पाहिला. शिकलो ते असं, की दवाखान्यात डॉक्टर आहे."